उसंत आणि हंडा

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंच्या वाड्याची जोती आणि पडकी तटबंदी उरली आहे. गडावरचा वारा आणि गारठा उतारवयात सोसवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी आईसाठी खाली हा वाडा बांधला, असे सांगतात. प्रकृतीला मानवेल अशा ठिकाणी राहायला जाणे, त्यासाठी राजधानीतला मुक्काम सोडणे आणि मुलाने त्यात कमीपणा न मानता आईला घर बांधून देणे, हे सगळे सतराव्या शतकातले. गडावर जाणाऱ्यांना रोपवेची रांग गाठायची घाई असते. पाचाडला थांबलेच तर ते जिजाऊंच्या समाधीला हात जोडून निघतात. वाड्यातली विहीर बघायला वाकडी वाट करणारे विरळाच.

तिला तक्क्याची विहीर म्हणतात. काठावर दगडाचीच बैठक आहे आणि टेकायला दगडाचाच तक्क्या. महाराज इथे टेकून बसत आणि पाणी भरायला येणाऱ्या बायकांशी बोलत, गावात काय चालले आहे ते त्यांच्याकडून काढून घेत, अशी आख्यायिका आहे. ती खरी की नंतर कुणी रचलेली, हा वाद इतिहासकारांनी घालावा. बांधणाऱ्याला काय ठाऊक होते ते मात्र दगडात दिसते. गावची खबर दरबारात नव्हे, पाणवठ्यावर मिळते, आणि पाणवठ्यावर आलेली बाई दोन घटका थांबते, बोलते. फक्त तक्क्या एकच आहे आणि तो राजासाठी आहे. बोलणाऱ्या बायका कमरेवर कळशी घेऊन उभ्याच असणार.

हल्ली मासिकांत आणि मोबाइलवरच्या रील्समध्ये ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. सकाळी पंधरा मिनिटे ध्यान करा, रात्री पायांना तेल लावा, आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त स्वतःची ठेवा. सल्ला वाईट नाही. तो देणारे असे गृहीत धरून चालतात, की पंधरा मिनिटे म्हणजे फळीवरच्या डब्यातली साखर आहे, हात घातला की निघाली. रायगडाच्या आसपासच्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यांवर हा डबा बहुधा दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असतो. कधी पाण्याच्या, कधी पावसाच्या, कधी मुंबईहून येणाऱ्या फोनच्या.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरून, अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून, माणसे काय करतात याची नोंद घेतली. त्यातला एक आकडा गमतीचा आहे. झोप, जेवण, अंघोळ असे सगळे मिळून ‘स्वतःची निगा’ या सदरात पुरुषाची दिवसाला सरासरी ७१० मिनिटे जातात आणि बाईची ७०६. फरक चार मिनिटांचा! एवढ्यावर थांबणाऱ्याला वाटेल की मिटला प्रश्न. पण घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाई रोज २८९ मिनिटे देते आणि पुरुष ८८. आधीच्या, २०१९ च्या पाहणीत बाईचा हाच आकडा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली, हेही नसे थोडके. आकड्यांत न मावणारी गोष्ट म्हणजे त्या ७०६ मिनिटांचा पोत. सलग सात तास झोपलेला माणूस आणि नळाचा आवाज, सासऱ्यांचा खोकला, पोराची लघवी यांसाठी रात्रीतून चारदा उठलेली बाई खणांच्या कागदावर सारखीच झोपलेली दिसतात. मालिका बघत तांदूळ निवडणारी बाई विसावा घेते आहे की काम करते आहे, हे तर तिलाही सांगता येणार नाही.

पोलादपूरच्या डोंगरात या हिशेबाला पाण्याचे कलम लागते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो कातळावरून, उतारावरून सुसाट सावित्रीला मिळतो आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जातो. एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात आणि टँकर सुरू होतात. टँकर दारात येत नाही. तो विहिरीत पाणी ओततो आणि मग ते पुन्हा पोहऱ्याने वर काढायचे असते. ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांना यातली गंमत कळायला थोडा वेळ लागतो. पाणी आले कुठून तर रस्त्यावरून, गेले कुठे तर खोल विहिरीत, निघाले कसे तर हाताच्या बळावर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, आणि चढ चढताना मान अशी ताठ ठेवायची की पाणी हिंदकळू नये. घरी आल्यावर हंडा उतरवायला दुसरा हात लागतो. तो नसेल तर गुडघे वाकवून, ओट्याच्या उंचीला डोके आणून तो सरकवायचा. ही कसरत वयाच्या साठीतही चालू असते, कारण घरातली तरणी माणसे मुंबईत आहेत.

पण डोक्यावरच्या ओझ्यापेक्षा वाट बघणे जास्त खाते. टँकर अकराला येणार म्हणतात, तो तीनला येतो. मधले चार तास बाई रिकामीच असते. मात्र त्या वेळात तिला पाठ टेकता येत नाही, रानात जाता येत नाही, पोलादपूरच्या बाजाराला तर नाहीच. हा वेळ आहे आणि तरीही तिचा नाही. वेळवापराच्या पाहणीत त्याला कोणता खण द्यायचा?

चाकरमान्यांचा हा मुलूख. पोलादपूरच्या कितीतरी घरांत मुंबईच्या पगारावर चूल पेटते आणि गावची शेती, गुरे, म्हातारी माणसे हे सारे मागे राहिलेल्या बाईच्या पदरात असते. महाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि बिरवाडीच्या कंपन्यांमुळे काही पुरुष गावातच राहू लागले. तिथेही पाळ्या असतात. रात्रपाळी करून आलेला नवरा दिवसा झोपतो, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून घरभर चोरपावलांनी वावरणे हे घरच्या बाईच्या कामांत वाढलेले आणखी एक काम.

या डोंगरांत एकांताची थोरवी सर्वांत ठामपणे सांगितली गेली ती मात्र बाईसाठी नव्हे. महाडपासून तीसेक किलोमीटरवर, वरंध घाटाच्या कुशीत शिवथर घळ आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडासमोर धबधबा कोसळतो आणि आत बसलेल्याला जगाचा आवाज ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी इथे बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ही जागा बराच काळ विस्मृतीत गेली होती. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थांनी प्रपंची माणसाला दिनक्रम आखून दिला आहे. पहाटे उठावे, काही पाठ करावे, आन्हिके उरकावीत, थोडा फलाहार घेऊन संसारधंद्याला लागावे, जेवणानंतर वाचन आणि चर्चा करावी, एकांतात जाऊन ग्रंथांचा विचार करावा. वर एक क्षण रिकामा जाऊ देऊ नये अशी तंबीही आहे. व्यग्र माणसाने स्वतःच्या मनासाठी वेळ राखून ठेवावा, हे मराठीत इतक्या व्यवहारी भाषेत त्यापूर्वी फारसे कुणी सांगितले नसेल. आजच्या दिनक्रम-शिक्षकांना हे कळले तर ते घळीबाहेर शिबिर भरवतील.

त्याच ग्रंथात झोपेवर एक अख्खा समास आहे आणि तो वाचताना हसू आवरत नाही. कोण घोरतो, कोण बरळतो, कोण कसा वेडावाकडा पडतो, याचे समर्थांनी मोठ्या रंगात वर्णन केले आहे. आळशी माणसाची झोप त्यांना आवडत नव्हती, हे तर झालेच. पण इतक्या बारकाईने झोपलेली माणसे पाहणारा स्वतः केव्हा झोपत असेल, असा प्रश्न पडतो.

पुढे समर्थ सज्जनगडावर राहू लागले. तिथे तांब्याचे दोन प्रचंड हंडे दाखवतात. कल्याणस्वामी त्यांतून गडावर पाणी आणत, असे सांगतात. हंड्यांचा आकार पाहून भाविक थक्क होतात आणि शिष्याच्या गुरुभक्तीची तारीफ करतात. ती रास्तच. पण गुरूच्या एकांतामागे पाण्याची खेप घालणारा एक माणूस उभा होता आणि त्याचे नाव इतिहासाने जपून ठेवले, हे अधिक नवलाचे. बहुतेकांच्या एकांतामागे उभ्या असणाऱ्यांची नावे कुठेच नसतात. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर फिरताना हे सारखे जाणवत राहते, की उसंत ही सहसा एकट्याच्या निश्चयाने मिळत नाही. कुणीतरी हंडा उचललेला असतो. तो आळीपाळीने उचलला जातो की नेहमी एकच जण उचलते, एवढेच विचारायचे उरते.

आणि पाण्याला हातच लावू दिला नाही तर? या प्रश्नाचे उत्तर महाडनेच दिले. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण काठावर जायची अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटले चालले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत १७ मार्च १९३७ उजाडला. ही गोष्ट सर्वांना माहीत असते. १९२७ च्याच डिसेंबरात महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, हेही माहीत असते. तिथे बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले, त्याची आठवण मात्र कमी निघते.

त्यात ते तत्त्वज्ञान सांगत बसले नाहीत. अंगावरचे कपडे, दागिने, स्वच्छता, मुलींची शाळा यांवर ते बोलले. लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावे. ज्या पोशाखावरून जात ओळखू येते तो पोशाख टाकावा. परिषदेला आलेल्या अनेकींनी तिथल्या तिथे नेसण्याची तऱ्हा बदलली, आणि बाबासाहेबांचे सहकारी टिपणीस व चित्रे यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नव्या तऱ्हेने नेसायला मदत केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या अशा बायकांच्या आठवणी सापडतात. धुतलेले लुगडे आणि विंचरलेले केस हा कुणाला नट्टापट्टा वाटेल. ज्यांच्या वाट्याला पाणीच मोजून-मापून, तेही दुसऱ्याच्या मर्जीने येत होते, त्यांनी स्वच्छ राहायचे ठरवणे हे तळ्यावरच्या ओंजळीइतकेच धाडसाचे होते. न्यू यॉर्कची कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड हिने कर्करोगाशी झगडताना लिहिलेल्या ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’ या १९८८ च्या पुस्तकात, स्वतःला जपणे हे लाड नसून राजकीय लढाई आहे, अशा अर्थाचे लिहिले. पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींनी ते उचलले. महाडच्या बायकांना ते साठ वर्षे आधी, मंडपात उभे राहून कळले होते.

स्वतःला जपण्यात झोप पहिली येते. या खोऱ्यात जुलैमध्ये ती कुणाच्याच हातात नसते. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडींनी बळी घेतले, आणि महाड शहरात बाजारपेठेतल्या घरांचे खालचे मजले पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ राहिला. तो उपसायला राज्यभरातून मदतीची माणसे आली. त्यांनी दुकाने मोकळी केली, रस्ते धुतले. पण कपाटातल्या साड्यांना, गोधड्यांना लागलेला आणि डब्यांच्या झाकणांच्या खाचांत बसलेला चिखल काढणारे स्वयंसेवक नसतात. ते काम पुढे कैक आठवडे घराघरांत चालले.

तेव्हापासून दरडीच्या वाड्यांवर पाऊस धरला की एक माणूस जागा राहतो. जमिनीला भेग गेली आहे का, ओढ्याचे पाणी एकदम गढूळ झाले का, डोंगरातून आवाज येतो का, हे त्याने पाहायचे. इशारा आला की माणसांना शाळेत किंवा समाजमंदिरात हलवतात. तिथे फरशीवर सतरंज्या अंथरून पन्नास माणसे शेजारीशेजारी पडतात. अशा रात्री म्हाताऱ्यांना खरी झोप लागते, कारण पहारा दुसऱ्याकडे असतो. पाळीने जागायचे ठरले की बाकीच्यांना झोपता येते. झोपेच्या औषधांच्या कंपन्यांना हा उपाय विकता येणार नाही.

शेतीतही हीच रीत होती, काही ठिकाणी अजून आहे. लावणीला सावड असते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. आवण खणून मुठी बांधायच्या आणि रांगेने मागे सरकत लावायच्या. सावडीत काम लवकर उरकते म्हणून उसंत मिळते, हे खरेच. पण पाठ मोडणाऱ्या त्या दहा-पंधरा दिवसांत गप्पा, थट्टा, गाणी हीही सावडीनेच होतात. मजुरीने माणसे लावली की गप्पा मारणाऱ्याकडे मालक डोळे वटारून बघतो. आता शेते ओसाड पडू लागली, तशी सावड विरळ झाली. शेतीचा तोटा मोजला जातो. सावडीतल्या गप्पांचा तोटा कुठे मांडणार?

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव गावात उन्हाळी आहेत, गंधकाच्या वासाची. ठाण्याच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणभर अशा गरम झऱ्यांची ओळ पसरली आहे. सांधे धरले, खरूज झाली की लोक इथे अंघोळीला येतात. जपानात अशा झऱ्यांभोवती खानावळी आणि सराया उभ्या राहिल्या, आपल्याकडे कुंड आणि पायऱ्या. हरकत नाही. पण तिथे तरी कोण निवांत बुडी मारते, तर बहुधा पुरुष. बाई आलीच तर म्हाताऱ्या सासूला सोबत म्हणून. काळ नदीच्या वाळण कोंडीतले महाशीर मासे या बायकांपेक्षा सुखी. वरदायिनी देवीचे म्हणून त्यांना कुणी धरत नाही, उलट खायला घालतात.

मग बाईने बसावे कुठे? ‘जरा बसून येते’ असे सांगून तिला घरातून निघता येत नाही. याला तोड काढली ती बचत गटाने.

‘कुठं चाललीस गं?’

‘गटाची मीटिंग हाय, आत्या.’

यावर सासूला काही बोलता येत नाही, कारण मागच्या वर्षी शेळीसाठी कर्ज याच मीटिंगमधून आलेले असते. हप्ते गोळा करायला वीस मिनिटे लागतात. मीटिंग दीड तास चालते. उरलेल्या वेळात कुणाच्या कमरेत उसण भरली, कुणी कुठल्या डॉक्टरला दाखवले, कुणाची पोरगी महाडच्या कॉलेजात काय शिकते, हे सगळे निघते. अंगावरून जाण्याचा त्रास वर्षभर लपवलेली बाई इथे पहिल्यांदा तोंड उघडते आणि मग दुसरी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झाले, नंतर राज्याचे ‘उमेद’ अभियान आले. दोन्हींच्या कागदोपत्री उद्दिष्टांत बचत आहे, कर्ज आहे, उद्योग आहे. दीड तास मांडी घालून बसायला मिळणे हा त्यातला सर्वांत मोठा लाभ असावा. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोचवण्याचे ठरवले आहे, आणि जिथे नळ आले तिथे हंड्याच्या खेपा खरोखर कमी झाल्या. तरी पुढच्या मीटिंगची वेळ ठरवताना पहिला प्रश्न असतो, पाणी कधी सोडणार आहेत.

गौरी-गणपतीला चित्र बदलते. लावणी उरकलेली, भात पोटऱ्यात आलेले, कापणी लांब. माहेरवाशिणी येतात, नव्या सुनांचा ओवसा असतो आणि रात्री बायका फेर धरतात. झिम्मा, फुगड्या, गाणी, एकमेकींच्या नवऱ्यांची नावे घेऊन थट्टा. एरवी रात्री दहाला अंग टाकणारी बाई पहाटेपर्यंत नाचते आणि दुसऱ्या दिवशी ताजीतवानी दिसते. विश्रांती म्हणजे पडून राहणे असे मानणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

आणि हरिनाम सप्ताह. पोलादपूर तालुक्यात वारकरी परंपरा मुरलेली आहे, वाडी लहान असली तरी सप्ताह होतो. त्यासाठी मुंबईची मंडळी रजा टाकून येतात. महाप्रसादाचा स्वयंपाक पुरुष करतात. तीन दगडांच्या चुलीवर मोठाले टोप चढतात, फावड्याएवढ्या उलथन्याने भात हलवला जातो, आमटीला फोडणी कुणी द्यायची यावर वाद रंगतात आणि चारशे माणसांच्या पंक्तीला मीठ अचूक पडते. त्या दिवसांत वाडीतल्या बायका न्हाऊन, नवी साडी नेसून, हात रिकामे ठेवून कीर्तनाला पुढे बसतात. सात दिवसांनी टोप घासून देवळात पालथे घातले जातात. आठव्या दिवशी चारशेजणांच्या आमटीला बिनचूक मीठ घालणारा तोच आचारी आपल्या घरी चुलीपाशी उभा राहतो आणि आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतो, ‘अगं, मीठ कुठं ठेवलंयस?’